काठमांडूची कचेरी आणि सातपूरची चूल

पहिली पाळी सुटली की सातपूरच्या बाजारात एकच गर्दी होते. हातात रिकामा डबा, खांद्याला पिशवी आणि खिशात मोजून घेतलेले पैसे घेऊन कामगार भाजीच्या पाटीपुढे उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कांदा कसा दिला?" भाव उतरलेला असला की त्याचा चेहरा खुलतो. रात्री गावाहून भावाचा फोन येतो. भाऊ निफाडकडे किंवा चांदवडकडे दोन-तीन एकर कसतो. तो म्हणतो, "दादा, गाडीभाडंसुद्धा सुटलं नाही. चाळीतला कांदा चाळीतच सडणार बघ." घर एकच. एका भावाची चूल स्वस्त कांद्याने पेटते, दुसऱ्या भावाची त्याच कांद्याने विझते.

पण या कांद्याला आणखी एक चूल आहे आणि ती आपल्याला दिसत नाही. ती आहे ढाक्यात, कोलंबोत, काठमांडूत. बांगलादेश आणि श्रीलंका हे नाशिकच्या कांद्याचे जुने गिऱ्हाईक. तिथल्या कष्टकऱ्याच्या ताटातही भाताबरोबर कांदा लागतोच. दिल्लीने निर्यात बंद केली की सातपूरला भाव उतरतो, लासलगावला शेतकरी रडतो आणि ढाक्यात गृहिणी हात आखडता घेते. तीन ठिकाणच्या तीन चुली एका हुकमाने हलतात.

मग साधा प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या चुली एकमेकींना अशा बांधलेल्या आहेत, त्यांच्या सरकारांनी एकत्र बसून आधी बोलायला नको का? अशी बसण्याची जागा आहे का? आहे. तिचे नाव सार्क. या लेखात तिचाच हिशेब मांडायचा आहे. तिने गोरगरिबांसाठी काय केले, काय राहिले आणि का राहिले, हे कष्टकऱ्यांच्या बाजूने पाहायचे आहे.

शेजाऱ्यांची कचेरी

शेजारी देशांनी एक संघटना करावी ही कल्पना १९८० साली बांगलादेशाचे राष्ट्राध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी मांडली. मोठ्या देशाने नव्हे, लहान देशाने ती मांडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८१ साली कोलंबोत सात देशांचे परराष्ट्र सचिव भेटले. पुढे ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव यांनी सनदेवर सह्या केल्या. २००७ साली अफगाणिस्तान आठवा सभासद झाला. कायमची कचेरी १६ जानेवारी १९८७ पासून काठमांडूत सुरू झाली.

काठमांडू हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स हा त्यांचा विषय होता. दारिद्र्य आणि दुःख यांवर माणसाने कोणता मार्ग धरावा, याची ती चर्चा होती. ती परिषद धम्माची होती, सरकारांची नव्हे. परंतु तीस वर्षांनी त्याच शहरात सात सरकारांची कचेरी बसली आणि तिच्या सनदेतही पहिला उद्देश हाच लिहिला गेला की या भागातील जनतेचे कल्याण व्हावे आणि तिचे जीवनमान सुधारावे.

सनदेत दोन नियम विशेष आहेत. पहिला असा की सर्व निर्णय एकमताने व्हावेत. मालदीवसारखा चिमुकला देश असो की भारतासारखा अवाढव्य, मत एकच आणि वजन सारखेच. दुसरा असा की दोन देशांमधले वादाचे प्रश्न इथे काढायचे नाहीत. पहिल्या नियमात समतेचे तत्त्व आहे आणि ते आपल्याला पटणारे आहे. दुसऱ्या नियमामागचा हेतू चांगला होता. भांडण बाहेर ठेवा आणि पोटापाण्याचे बोला. प्रत्यक्षात काय झाले ते पुढे पाहू.

जे काम उभे राहिले

आधी चांगले सांगितले पाहिजे. आपल्याकडे सार्क म्हटले की वर्तमानपत्रातले पंतप्रधानांच्या हस्तांदोलनाचे छायाचित्र आठवते. पण काही कामे छायाचित्रात न येणारी आहेत.

१९९० हे वर्ष आणि पुढे १९९१ ते २००० हे दशक सार्कने बालिकांसाठी म्हणून पाळले. मुलगी जन्माला येणे, जगणे, शाळेत जाणे हा सर्व देशांचा सामाईक प्रश्न आहे, असे सरकारांनी एकत्रितपणे कबूल केले. २००२ च्या जानेवारीत काठमांडूत स्त्रिया आणि मुलांचा व्यापार रोखण्याचा करार झाला. हा व्यापार सीमा ओलांडून चालतो. नेपाळ, बांगलादेशातून फसवून आणलेल्या मुली मुंबईच्या वस्त्यांतून सोडवल्या गेल्याचे आपण अनेकदा वाचले आहे. एका देशाच्या पोलिसांनी एकट्याने हे थांबणार नाही. म्हणून इथे करार लागतो. २००४ साली इस्लामाबादेत सामाजिक सनद झाली. तिच्यात गरिबी हटवणे, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा दर्जा, बालकांचे हक्क यांचा समावेश आहे.

क्षयरोगाचे घ्या. दाट वस्ती, कोंदट खोली, अपुरे अन्न, धुळीतले काम जिथे, तिथे हा रोग हमखास. कामगारवस्तीत त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हा रोग पासपोर्ट पाहत नाही. सार्कचे क्षयरोग केंद्र १९९२ साली नेपाळात सुरू झाले. पुढे एड्सचे कामही त्याच्याकडे आले. सर्व देशांच्या क्षयरोग कार्यक्रमांत मेळ घालणे, प्रयोगशाळेतल्या माणसांना शिकवणे, आकडे गोळा करणे असे त्याचे काम चालते. गाजावाजा होत नाही, पण काम होते.

दिल्लीत २०१० साली दक्षिण आशियाई विद्यापीठ सुरू झाले. ते आठही देशांचे विद्यापीठ आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन तिथे चालते आणि नेपाळ, बांगलादेश, अफगाणिस्तान, श्रीलंकेची मुले भारतीय मुलांच्या शेजारी बसून शिकतात. आपल्या घरातील पदवीधर मुलामुलींना हे विद्यापीठ आहे, एवढे तरी ठाऊक असावे.

घरात बसून राबणाऱ्या बाया

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र सार्कच्या विकास निधीचे. त्याची कचेरी २०१० पासून भूतानची राजधानी थिंपू इथे आहे. आठही देशांनी त्यात पैसे घातले. त्याचे तीन भाग आहेत. एक सामाजिक कामांसाठी, एक उद्योगधंद्यांसाठी आणि एक रस्ते, वीज यांसारख्या मूलभूत सोयींसाठी. या निधीने आरंभी जी कामे हाती घेतली त्यांत एक काम घरात बसून मजुरी करणाऱ्या बायांचे होते.

ही बाई कोण, हे सातपूरला सांगायला नको. नवरा कारखान्यात कंत्राटी. घरभाडे, मुलांची फी, दवाखाना यांना त्याचा पगार पुरत नाही. ती शिवणाच्या यंत्रावर बसते, पापड लाटते, कुणी आणून दिलेला माल निवडून, गुंडाळून, मोजून परत देते. पलीकडे सिन्नरला पिढ्यान् पिढ्या बायांनी विड्या वळल्या. मजुरी नगावर. जागा तिची, वीज तिची, पाठदुखी तिची आणि नफा मालकाचा. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती कामगारच नव्हे. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला. त्यामुळे विडी वळणारीला निदान ओळखपत्राचा आधार मिळाला. इतरांना तोही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामाच्या मजुरीवर करार केला, त्याचा क्रमांक १७७. भारताने अद्याप त्याला मान्यता दिलेली नाही.

अशा बायांसाठी अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने, जिची स्थापना १९७२ साली इला भट्ट यांनी केली, शेजारच्या देशांतल्या संस्थांना बरोबर घेतले. ऑक्टोबर २००० मध्ये काठमांडूत सरकारे, संघटना आणि आंतरराष्ट्रीय संस्था एकत्र आल्या आणि या बायांना कामगार म्हणून मान्यता द्यावी असा जाहीरनामा निघाला. पुढे सार्क विकास निधीच्या पैशातून 'सबाह' या नावाने देशोदेशी बायांच्या संस्था उभ्या राहिल्या. नेपाळ, भूतान, पाकिस्तान अशा देशांत भरतकाम, विणकाम, शिवणकाम, खाद्यपदार्थ करणाऱ्या बायांना एका सामाईक केंद्रात शिक्षण, कच्चा माल आणि नमुने मिळू लागले. विक्रीसाठी स्वतःचे दुकान आले. मधला दलाल कमी झाला. मुख्य गोष्ट अशी की या संस्थांत बाई नुसती मजूर राहत नाही, मालकीतही तिचा वाटा असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अहमदाबादच्या कष्टकरी बायांनी पंचवीस-तीस वर्षे झगडून जे शिकले, ते नेपाळच्या आणि पाकिस्तानच्या बायांपर्यंत गेले. दोन देशांच्या सरकारांत बोलणे बंद असतानाही त्याच निधीतून दोन्हीकडच्या बायांसाठी काम झाले. का झाले? निधी एकदा बाजूला काढलेला होता, कचेरी होती, माणसे नेमलेली होती आणि काम कुणाचे हे ठरलेले होते. दरवेळी पंतप्रधानांच्या भेटीची वाट पाहावी लागली नाही.

जे काम अडले

आता दुसरी बाजू. व्यापाराचा करार १९९३ साली ढाक्यात झाला आणि डिसेंबर १९९५ मध्ये अमलात आला. त्यापुढचा मुक्त व्यापाराचा करार 'साफ्टा' २००४ साली झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. कागदावर आयात कर उतरले. परंतु प्रत्येक देशाने आपापली 'संवेदनशील यादी' केली आणि ज्या मालावर कर कमी करायचा नाही तो तिच्यात घातला. परिणाम काय? जागतिक बँकेच्या अंदाजानुसार दक्षिण आशियातील देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियातील देशांची 'आसियान' ही संघटना १९६७ साली सुरू झाली. तिथे हेच प्रमाण सुमारे २५ टक्के आहे.

दारिद्र्याचेही तेच. १९९१ च्या कोलंबो परिषदेने गरिबी निर्मूलनासाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा अहवाल आल्यावर १९९३ साली ढाक्यात आठ-नऊ वर्षांत, म्हणजे २००२ पर्यंत, गरिबी हटवण्याचा संकल्प सोडला गेला. २००२ साल आले आणि गेले.

आणि कांदा? २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. चारच दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. त्यांनी हसत हसत तक्रार केली की आता स्वयंपाक्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितले आहे आणि आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती. सभागृह हसले. पण त्या हसण्यात खरी गोष्ट होती. शेजाऱ्याला आधी सांगण्याची रीतच उरली नव्हती. पुन्हा १४ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, तेव्हा बंगालच्या सीमेवर कांद्याचे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात कर बसला आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. उरलेला कर १ एप्रिल २०२५ रोजी गेला.

या चढउतारात नुकसान नुसत्या बागायतदाराचे होत नाही. लासलगाव, पिंपळगावच्या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या बाया आहेत, गोणी उचलणारे हमाल आहेत, मापाडी आहेत, ट्रकचे चालक आणि क्लीनर आहेत. लिलाव बंद म्हणजे त्यांची त्या दिवसाची मजुरी बंद. त्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे कांद्याचे अनुदान जाहीर झाले तरी ते त्यांच्या हाती येत नाही. दुसरीकडे बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, अगदी पाकिस्तानातूनही कांदा आणला. गेलेले गिऱ्हाईक परत आणायला वर्षे लागतात.

असे का होते? सार्कच्या प्रमुखांची शेवटची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. पुढची २०१६ साली इस्लामाबादेत व्हायची होती. सप्टेंबरात उरीच्या लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला, भारताने जाण्यास नकार दिला, इतर काही देशही मागे सरले आणि ती परिषद झाली नाही. तेव्हापासून प्रमुख एकत्र बसलेले नाहीत. अपवाद म्हणून मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत सर्वांची दूरदर्शन यंत्रणेवरून बैठक झाली आणि भारताने सामाईक निधीसाठी १ कोटी डॉलर देऊ केले. दहशतवादाविरुद्धचा राग योग्यच आहे. निरपराध माणसांचे रक्त सांडले असता कोणी गप्प बसू नये. परंतु ज्या संघटनेच्या सनदेतच लिहिले आहे की भांडण इथे आणायचे नाही, ती संघटना भांडणानेच बंद पडावी आणि त्याची झळ कांदा निवडणाऱ्या बाईला लागावी, हे बरोबर नव्हे.

पाकिस्तानला वगळून बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची 'बिमस्टेक' ही संघटना १९९७ पासून आहे. तिची कचेरी २०१४ पासून ढाक्यात आहे आणि सनद मे २०२४ मध्ये अमलात आली. वाट चांगली आहे. पण नाव बदलल्याने रीत बदलत नाही. बांगलादेश तिथेही आहे आणि कांदाही तोच आहे.

युरोपातले दोन धडे

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स आणि जर्मनीने एकमेकांची गावे बेचिराख केली. युद्ध संपून सहा वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली त्या दोघांनी आणखी चार देशांसह कोळसा आणि पोलाद यांचा सामाईक कारभार करण्याचा करार केला. आजच्या युरोपीय संघाचा तो पाया. त्यातली एक तरतूद आपण कामगारांनी लक्षात ठेवावी. कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थोडी पट्टी बसवून तो पैसा खाण किंवा कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या कामगारांना नवे काम शिकवण्यासाठी आणि कामगारांच्या घरांसाठी वापरला गेला. बाजार खुला करताना ज्याचे काम जाईल त्याची सोय आधी, हा नियम त्यांनी पहिल्या करारातच घातला. आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला, पण सातपूर-अंबडच्या कामगाराला कायम नोकरीऐवजी कंत्राट मिळाले. साफ्टाच्या करारात पोलादाच्या पट्टीसारखी सोय शोधून सापडत नाही.

दुसरा धडा कटू आहे. २०१० साली भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत एका औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि माल अडकला. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना त्याचा मोठा फटका बसला. युरोपच्या देशांनी मिळून केलेला नियम निफाड-दिंडोरीच्या मळ्यापर्यंत पोहोचला आणि त्याबरोबर पेठ-सुरगाण्याहून हंगामात कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या रोजगारापर्यंतही. त्यानंतर बागांची नोंदणी, तपासणी, फवारणीची वही हे सारे कडक झाले. म्हणजे नियम करणारी संघटना दूर असली तरी तिचा नियम आपल्या बांधावर येतोच. तो नियम करताना आपण त्या टेबलाशी आहोत की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

त्रिरश्मीच्या दगडावर

सातपूरहून थोड्याच अंतरावर त्रिरश्मीची लेणी आहेत. सणावाराला आपण मुलाबाळांसह तिथे जातो. दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यात लिहिले आहे की गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही. व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च. त्याच लेण्यातील उषवदाताच्या दुसऱ्या लेखात पार, दमणगंगा, तापी अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे.

तो एका राजसत्तेचा काळ होता, सरकारांच्या संघटनेचा नव्हे. तरीही शहाणपण ध्यानात घ्यावे. ठेव विणकरांच्या संघाकडे दिली, म्हणजे तिच्या जोरावर कारागिराचा धंदा चालला. व्याज लोकांच्या गरजेला लागले. नदी ओलांडण्याची सोय गरिबालाही मोफत झाली. राजा गेला, राज्य गेले, पण मुद्दल मोडू नये असा दंडक दगडावर राहिला. थिंपूचा निधी याच तत्त्वावर चालला तर टिकेल.

आपण काय मागावे

या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात असा. शेजारी सरकारांची जी कामे कायमचा निधी, कायमची कचेरी आणि ठरलेला नियम यांवर उभी आहेत, ती नेत्यांच्या रागालोभातही गरिबापर्यंत पोहोचली. जी कामे नेत्यांच्या भेटीवर सोडली, ती भेट हुकली की बंद पडली. म्हणून आपली मागणी सोपी आहे. अन्नधान्य, कांदा, औषध, नदीचे पाणी, रोग आणि स्त्रियांचा व्यापार हे विषय सीमेच्या भांडणातून वेगळे काढा. निर्यात बंद करायची तर शेजाऱ्याला आणि आपल्या शेतकऱ्याला ठराविक दिवस आधी कळवण्याचे बंधन घाला. बंदी आली तर खळ्यावरच्या मजुराची बुडालेली मजुरीही नुकसानीत धरा. आणि घरात बसून राबणाऱ्या बाईचे नाव कामगार म्हणून सरकारी दप्तरात लावा.

हे दिल्लीचे विषय आहेत, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. खासदार मत मागायला प्रबुद्धनगरातही येतात, अशोकनगरातही येतात. गटारीचा प्रश्न विचारा, पाण्याचा विचारा, तो विचारलाच पाहिजे. त्याबरोबर एक प्रश्न हाही विचारा, "साहेब, शेजारच्या देशांबरोबर कांद्याचे बोलणे कोण करतो आणि ते आम्हाला आधी का कळत नाही?" महिला मंडळांनी बैठकीत घरकामाच्या मजुरीचा विषय घ्यावा. कोण काय काम करते, नगाला काय मिळते, याची साधी वही घालावी. 'सेवे'च्या बायांनीही सुरुवात अशाच छोट्या नोंदींनी आणि एकीने केली होती.

आणि आज रात्री जेवणे झाली की मुलांच्या वहीत एक नकाशा काढा. नाशिक, लासलगाव, ढाका, कोलंबो, काठमांडू, थिंपू. त्यांना सांगा की आपल्या ताटातल्या कांद्याची वाट इतकी लांब आहे. ज्या मुलाला ही वाट कळेल, तोच उद्या त्या टेबलाशी बसून आपल्या वतीने बोलू शकेल.